धुरीकाकांचे शुक्रवार

धुरीकाका बसलेले मला फारसे आठवतच नाहीत. चहा ते उभ्याउभ्या प्यायचे. कपबशी हातात, आणि हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून परत हॉलमध्ये अशा येरझाऱ्या. "अहो काका, टेका जरा," म्हटलं की सोफ्याच्या हातावर मांडी टेकल्यासारखी करायचे आणि मिनिटाभरात उठून म्हणायचे, "बसून काय करूचा आसा, बाई?" मी शाळेत शिकवत होते, म्हणून मी 'बाई'. माझा नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, पण त्याला ते पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणत. त्याने दोन-तीनदा चूक सुधारून पाहिली. "रक्त काढतात मां तुमी? मग डॉक्टरच. खलास." पुढे बोलायची सोय नसे.

चौऱ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही अल ऐनला आलो. पाच वर्षांची नेहा, चार बॅगा आणि एक प्रेशर कुकर. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि चौथ्याच दिवशी त्याचा एसी बंद पडला. नवरा ड्यूटीवर, बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, आणि नेहा फरशीवर पालथी पडून रडतेय. खालच्या मजल्यावर मेन्टेनन्सचे फोरमन राहतात एवढं कानावर आलं होतं. मी बेल वाजवली. दार उघडलं ते एका काटकुळ्या, पन्नाशीच्या माणसाने. अंगात बनियन आणि पँट, आणि स्क्रू ड्रायव्हर आधीच हातात. जणू बेल वाजली म्हणजे काहीतरी बिघडलं असणारच.

वर आले ते थेट भिंतीला कान लावून उभे राहिले. मी काही सांगायला गेले तर हातानेच गप्प केलं. मग म्हणाले, "बिचारो दोन दिवस कण्हत होतो. कोणी ऐकल्यानी नाय." यंत्र त्यांच्या लेखी माणूस होतं. हॉस्पिटलच्या गच्चीवरचे ते अवाढव्य चिलर, ऑपरेशन थिएटरचे पंखे, शवागाराचा कॉम्प्रेसर, सगळे त्यांचे पेशंट. "आज माझो तीन नंबर तापलोहा," असं ते रस्त्यात भेटले की सांगायचे, आणि ऐकणाऱ्या नव्या माणसाला वाटायचं वॉर्डातल्या कुणाबद्दल बोलतायत.

एसी वीस मिनिटांत सुरू झाला. मी पाणी दिलं, ते त्यांनी दारापाशी उभं राहून प्यायलं. विचारायचं म्हणून विचारलं, "घरी कोण कोण असतं काका?"

"बायको वारली पाच वर्सांमागे. एक मुलगो आसा. उमेश. वेंगुर्ल्याक, मामाकडे."

"मग पत्रबित्र येत असेल."

"निघतंय मी," म्हणाले, आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले. लिफ्ट होती. ती त्यांनी कधी वापरली नाही. उभं राहून वाट बघायला लागते, हे कारण.

वर्षभरात त्यांच्याविषयी ऐकायला मिळालं ते वेगळंच. आमच्या त्या वसाहतीत कोकणातली, साताऱ्याकडची, आंध्रातली, केरळातली शे-दीडशे माणसं कामाला होती. बहुतेक सगळी एकटी. त्यातल्या कुणाच्या घरून वाईट बातमी आली की पहिला माणूस धावायचा तो धुरीकाका. ऑफिसात जाऊन पासपोर्ट काढून आणणं, साहेबाच्या केबिनबाहेर येरझाऱ्या घालून रजेवर सही मिळवणं, आणि मग आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीत बसवून त्या माणसाला दुबई एअरपोर्टवर सोडणं. सोडणं म्हणजे दारात उतरवून परत येणं नव्हे. तो माणूस काउंटर ओलांडून आत दिसेनासा होईपर्यंत काचेशी उभे. त्यानंतरही, विमान उडाल्याचं बोर्डावर येईपर्यंत तिथेच.

संपत नावाचा साताऱ्याकडचा प्लंबर मला एकदा सांगत होता. त्याची आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला होता. काकांनी त्याला गाडीत घातलं. एअरपोर्ट दिसायला लागलं तसा संपत म्हणाला, "काका, मला न्हाई जमायचं. तिचं तोंड कसं बघू मी? फिरवा गाडी." काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला दाबली, उतरून त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याची कॉलर धरली. "गाडी फिरवूक सांगतंस? आत जाऊचा तुका. रडत जा, ओरडत जा, पण आत जा." आणि खरोखरच कॉलर धरून त्याला दारापर्यंत नेलं. पोलीस बघत होते. संपत पोचला त्यानंतर आई दोन दिवस होती. "बाई, त्यांनी कॉलर धरली नसती तर मी परत आलो असतो," तो म्हणाला. "पण येक सांगू का? त्या टायमाला काका माझ्यापेक्षा जास्त घाबरल्याले व्हते."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा सोडून दिलं.

पंच्याण्णवच्या अखेरीस त्यांचा उमेश दुबईला आला असल्याचं आम्हाला कळलं, तेही त्यांच्याकडून नव्हे. त्यांच्या गावचा एक ड्रायव्हर सांगून गेला. मुलगा आपल्या आपण एजंट गाठून आला होता, अल क्वोजमध्ये अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. मी अभिनंदन करायला गेले. काका दारातच म्हणाले, "होय, आसा थंय," आणि नेहाची सायकल दिसली तशी तिची चेन ताणायला बसले. चेन व्यवस्थित होती.

तेव्हापासून त्यांचे शुक्रवार सुरू झाले. सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता पांढरी गाडी निघायची आणि दुपारच्या जेवणाला परत. दीड तास जायला, दीड यायला. आम्ही समजलो, मुलाला भेटून येतात. पण परत आलेला माणूस मुलाला भेटून आल्यासारखा दिसायचा नाही. त्या दुपारी त्यांच्या फ्लॅटमधून सतत काहीतरी सरकवल्याचे, उघडल्याचे, ठोकल्याचे आवाज यायचे. पंखा उतरवून पुसायचे. चालणारं रेडिओचं यंत्र सुटं करून परत जोडायचे.

एकदा माझ्या नवऱ्याला दुबईत काम होतं म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला. परत आल्यावर म्हणाला, "विचित्र आहे गं. अल क्वोजला गोदामांमागे एक मोकळं मैदान आहे, कामगार पोरं क्रिकेट खेळतात. काकांनी गाडी लांब लावली आणि तिथूनच मॅच बघत बसले. म्हणजे बसले नाहीत, गाडीला फेऱ्या मारत होते. मला म्हणाले, तो डावखुरो बोलर बघा, पाय पुढे टाकता तो बघा. तासाभराने म्हणाले, यल्ला डॉक्टर, जाऊया."

"आणि उमेश?"

"उमेशला भेटायचं नाही का म्हटलं, तर म्हणाले त्याला ओव्हरटाइम आहे."

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. डावखुरा बोलर कोण ते सांगायला नको होतं. पण विचारणार कोण? मला त्या काळात कधीकधी वाटायचं, आपणच जावं आणि त्या मुलाला सांगावं की तुझा बाप दर आठवड्याला अडीचशे किलोमीटर गाडी हाकतो. नवरा म्हणायचा, तू शाळेत शिकव, तेवढं पुरे. मग मी गप्प बसायचे, आणि शुक्रवारी सातला गाडीचा आवाज आला की पुन्हा अस्वस्थ व्हायचे.

अशी दोन वर्षं गेली. मग कॉनरचा सिनेमा आला.

कॉनर हा आमच्या हॉस्पिटलातला आयरिश इंजिनिअर. डायलिसिसची मशिनं त्याच्याकडे. लालबुंद, भला मोठा माणूस, आणि धुरीकाकांचा दोस्त. त्याचं इंग्रजी आमच्यापैकी कुणाला धड कळायचं नाही आणि काकांचं इंग्रजी त्याला, पण यंत्र उघडं पडलं की दोघांचं तासन्तास चालायचं. तो सुट्टीवरून परतताना एक कॅसेट घेऊन आला. त्याच्या गावातल्या चार मित्रांनी मिळून, कुठल्या कंपनीच्या पाठबळाशिवाय, एक सिनेमा काढला होता. त्याला तो सगळ्यांना दाखवायचाच होता. गुरुवारी संध्याकाळी स्टाफच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. हॉलचा एसी इतका जुना होता की त्याच्या घरघरीत पडद्यावरचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून काकांना बटणापाशी उभं केलं. संवाद आले की एसी बंद, घाम आला की चालू.

"धुरी, नो साँग, नो डान्स, नो फायटिंग," कॉनरने आधीच बजावलं. "यू विल हेट इट."

सिनेमात फारसं काही घडतच नव्हतं. एक म्हातारा बसड्रायव्हर. बारा वर्षं इंग्लंडात काढून गावी परततो. त्याच गावात त्याच्या मुलाचं टायरचं दुकान. दोघांत काहीतरी झालेलं आहे, काय ते सांगत नाहीत. बाप समोरच्या गल्लीत खोली घेतो. रोज दुकानावरून जातो, थांबतो, पुढे जातो. मुलाला कळतं आणि तो कळलं नाही असं दाखवतो. अर्धा तास हेच. मागच्या रांगेतले लोक उठून गेले. नेहा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पेंगायला लागली. मी एकदा मागे वळून पाहिलं. धुरीकाका बटण विसरले होते. एसी बंद होता, सगळे घामाघूम झाले होते, आणि ते भिंतीला पाठ लावून, स्तब्ध उभे होते. त्यांना तसं न हलता उभं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग तो प्रसंग आला. बाप मुलाच्या घरी जातो. दारापुढे उभा राहतो. हात वर करतो, खाली घेतो. आतून हसण्याचा आवाज येतो. पुन्हा हात वर करतो, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि हॉलमध्ये मागून आवाज कडाडला,

"अरे वाजव ना मेल्या! वाजव तो दरवाजो!"

सगळा हॉल हसला. कॉनरही हसला. नेहा दचकून उठली. "मम्मा, व्हाय इज धुरी अंकल शाउटिंग?" मी वळले तेव्हा दार हलत होतं आणि काका बाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सात वाजले, गाडीचा आवाज नाही. साडेसातला आमची बेल वाजली. काका दारात, कालचेच कपडे.

"बाई, शेवटी वाजवल्यान काय?"

मला क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा वाटलं, खोटं सांगावं. त्यांचा चेहरा तसा होता. पण वर्गात मुलांना खरं तेच सांगायची सवय, ती आड आली.

"नाही काका. बस पकडून गेला तो."

ते आत आले. हॉलमधून गॅलरीत गेले, परत आले, परत गेले. नवरा दाढी अर्धवट ठेवून बाहेर आला. आणि चालता चालताच, आमच्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको सुलभा पोटाच्या आजाराने अंथरुणाला खिळली तेव्हा ते शारजात होते. तार आली. मग दुसरी आली. साहेबाने रजा दिली, तिकीट दिलं. खोलीतल्या जोडीदाराने एअरपोर्टला सोडलं. चार वर्षं ते घरी गेले नव्हते. बॅग हातात घेऊन काउंटरच्या रांगेत उभे असताना त्यांच्या मनात आलं, मी घरात शिरेन तेव्हा ती कशी दिसत असेल? रांग पुढे सरकली. त्यांच्या पुढे तीन माणसं राहिली. मग दोन.

"आणि माझे पाय भायर चालूक लागले, डॉक्टर. मी नाय चाललंय. पाय चालले."

आठ दिवस ते कुणाला न सांगता शारजातच एका मशिदीजवळच्या खोलीत राहिले आणि दिवसभर रस्त्यांवरून चालत फिरले. नवव्या दिवशी कंपनीच्या ऑफिसात डोकावले, तर ती गेल्याची तार येऊन पडली होती. मग गेले. घरी सांगितलं, कंपनीने पासपोर्ट अडवला होता. सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण तसं पुष्कळांचं होत होतं. उमेशनेही ठेवला. पण दुबईला आल्यावर त्याला तो जुना जोडीदार भेटला, आणि त्या बिचाऱ्याने कौतुकाने सांगितलं, तुझ्या बापाला एअरपोर्टवर मीच सोडला होता, तारेच्या दुसऱ्याच दिवशी.

"तेचो फोन इलो. एकच सवाल. बाबा, तुमी एअरपोर्टाक गेलेलात काय? मी फोन खाली ठेवलंय. दोन वर्सां झाली."

गॅलरीच्या दारात ते थांबले. "ह्यो सिनेमावालो निदान दारापर्यंत तरी गेलो."

नवऱ्याने टॉवेलने तोंड पुसलं. "चला काका," तो म्हणाला, "गाडी मी चालवतो." अर्ध्या दाढीनिशी तो किल्ली घेऊन निघालासुद्धा. मी नेहाला हाताला धरलं.

दीड तासाचा रस्ता. दोन्ही बाजूला तांबडी वाळू. काकांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता, जणू गाडी तेच चालवतायत. नेहाने विचारलं, "आर वी गोइंग टु द बीच?"

अल क्वोजच्या त्या मैदानावर मॅच रंगात आली होती. एका टोकाला रिकामा ड्रम म्हणजे स्टंप. कामगारांचे कपडे दोरीवर वाळत होते. नवऱ्याने गाडी थांबवायच्या आत काकांनी दार उघडलं होतं. ते बाउंड्रीवर थांबले नाहीत. सरळ चालत गेले, फिल्डर ओलांडून, खेळपट्टीच्या मध्यावर. बॅट घेतलेला एक उंच पठाण ओरडला, "ओ चाचा, हटो! मॅच चल रहा है!"

समोर रनअपच्या टोकाशी बॉल हातात घेऊन तो उभा होता. काटकुळा, काळासावळा. बापाचीच ठेवण.

काका नेहमी मशीनच्या आवाजावर बोलावं तसं मोठ्याने बोलत. तेव्हाही तसंच बोलले. मैदानातल्या सगळ्यांना ऐकू गेलं, आम्हाला गाडीत ऐकू आलं.

"उमेश, माझी रजा मंजूर झालेली. तिकीट होता. एअरपोर्टाक गेलंय आणि परत इलंय. कंपनीन अडवल्यान नाय. मी भियालंय."

पठाणाने बॅट खाली टेकवली.

"माका म्हायत आसा," उमेश म्हणाला.

"तुका म्हायत आसा ता माका म्हायत आसा. पण मी सांगूक नव्हता."

उमेश बॉल हातातल्या हातात फिरवत राहिला. मग बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज एकदम पोराचा झाला. "आये रोज विचारी, खंयपर्यंत इले? मी सांगी, मुंबैपर्यंत इले. दुसऱ्या दिवशी सांगी, कणकवलीपर्यंत इले. मग सांगी, गाडी बंद पडली हा, उद्या येतले. चौदा वर्सांचो होतंय मी. तुमच्यासाठी खोटा बोललंय. ती हसान म्हणे, येतले मरे, येतले."

काका एक पाऊल पुढे आले.

"ओव्हर पुरी करूची आसा," उमेश म्हणाला. "बाजूक व्हा."

आणि काका बाजूला झाले. पळत नाही, चालत. बाउंड्रीच्या रेघेवर जाऊन उभे राहिले. उमेशने धाव घेतली, बॉल टाकला. वाइड गेला. पुढचाही वाइड. तिसरा तर पठाणाच्या डोक्यावरून. पठाणाने बॅट काखेत मारली, त्याच्यापाशी गेला, खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. उमेशने तो हात झटकला आणि बॉल जमिनीवर टाकून खोल्यांच्या दिशेने चालू लागला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, संपलं. परतताना काका मागच्या सीटवर नेहाच्या शेजारी होते. ती झोपली होती आणि तिचं डोकं त्यांच्या दंडावर होतं. त्यांनी तो दंड दीड तास हलवला नाही.

पुढच्या शुक्रवारी सातला पांढरी गाडी पुन्हा निघाली. आता ते गाडीआड लपत नव्हते. मैदानाच्या कडेला उघड उभे राहायचे. उमेश त्यांच्याकडे बघायचा नाही. असे तीन की चार शुक्रवार. मग एकदा त्या पोरांना अंपायर कमी पडला आणि पठाणाने हाक मारली, "चाचा, खड़े ही तो हो. इधर खड़े हो जाओ." तसे काका अंपायर झाले. त्या दुपारी ते जिना चढत आले ते धापा टाकत, दार उघडंच होतं, थेट स्वयंपाकघरात.

"बाई! शिव्या घातल्यान माका!"

"कुणी?"

"उमेशान! तेका आउट हवो होतो, मी दिलंय नाय. पायावर नव्हतोच बॉल. तर म्हणता कसो, डोळे खंय आसत तुमचे! भर मैदानात!" आणि हा माणूस चेहरा दोन्ही हातांनी झाकून माझ्या फ्रिजला टेकून हसत होता की रडत होता, मला अजून सांगता येत नाही.

पुढचं सगळं काही गोड झालं असं नाही. पुढच्या ईदला उमेश बसने अल ऐनला आला. मी दोघांना जेवायला बोलावलं. सुरमईचं सार केलं होतं. पहिला घास घेताना त्याने खाली बघून बापाला ऐकवलं, "मी जेवूक इलंय. माफ केलंय असा समजू नका." काका म्हणाले, "नाय समजत." मग मिठावरून वाद झाला. मग मामाच्या घराच्या कौलांवरून झाला. संध्याकाळच्याच बसने मुलगा परत गेला. त्यानंतर दोन महिने तो मैदानावरही आला नाही. काकांच्या खोलीतून पुन्हा ठोकाठोकीचे आवाज. पंखा पुन्हा उतरला. मग एक दिवस उमेशचा फोन, वर्कशॉपचा एसी नीट चालत नाही म्हणून. काका हॉस्पिटलची ड्यूटी बदलून घेऊन, शुक्रवार नसताना, गेले. असं ते पुढे-मागे, पुढे-मागे चाललं होतं. त्या दोघांमध्ये कधी एकदा तरी बसून बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

दोन हजार एकमध्ये हॉस्पिटलने मेन्टेनन्सचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. जुनी माणसं गेली, त्यात काकाही. त्यांना दुबईत काम मिळालं. निघताना त्यांनी आमच्या घरातले दोन्ही एसी उघडून साफ केले, नेहाला "अभ्यास कर गो" म्हणाले, ती "आय विल, अंकल" म्हणाली, आणि ते गाडीत बसून निघूनही गेले. निरोप घ्यायचा राहिलाच. दोनदा फोन झाला. दुसऱ्या फोनवर म्हणाले, उमेशचं लग्न झालं वेंगुर्ल्याला. "तुम्ही गेला होतात ना?" मी विचारलं. "गेलंय. आठ दिवस आधी," म्हणाले. मग फोनच लागेनासा झाला.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. नेहाच्या पासपोर्टच्या कामासाठी आम्ही दुबईला गेलो होतो आणि दुपारी करामाच्या सिग्नलला गाडी थांबली होती. समोरून दोन माणसं रस्ता ओलांडत होती. दोघांच्या मध्ये डबलबेडची नवी कोरी गादी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. पुढे धुरीकाका होते, पण उलटे चालत होते, पाठ जाण्याच्या दिशेला आणि तोंड गादीकडे. त्यांना मागचं काही दिसत नव्हतं. दुसऱ्या टोकाला उमेश. आणि तो ओरडत होता, "डावीकडे! डावीकडे बाबा! फुटपाथ आसा, पाय उचला!" काकांनी न बघता पाय उचलला, फुटपाथवर टेकला. "आता सरळ! सरळ, यल्ला!" मी काच खाली करून हाक मारणार होते, पण गादी मोठी होती, वारा होता, त्यांचा हात सुटला असता. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून एक मुलगी, नवी नवरी असावी, वाकून दोघांना काहीतरी सांगत होती. काका तिच्याकडे बघायला गेले तशी गादी कलंडली आणि उमेश आणखी जोरात ओरडला. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. आम्ही वळलो तेव्हा ते दोघे गादी उभी करून जिन्याच्या दारातून ती आत कशी शिरवायची यावरून भांडत होते.